दोन केबल जोडल्या की वाय-फाय दुप्पट होतं का?

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या अभ्यासिकेत तीन ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणाऱ्या पेट्या) आहेत. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळपासून रात्रीपर्यंत बसलेली असतात. दुपारनंतर व्हिडिओ लेक्चर अडखळायला लागतात. प्रत्येक ॲक्सेस पॉइंटला मागे दोन गिगाबिट पोर्ट आहेत, पण केबल एकाच पोर्टला लावलेली आहे. पुरवठादार म्हणतो, दुसरी केबल ओढून दोन्ही पोर्ट एकत्र बांधले की क्षमता २ गिगाबिट होईल. त्यासाठी साधा स्विच काढून मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा, स्विच घ्यावा लागेल. प्राचार्यांकडे प्रस्ताव पाठवायचा आहे. काय करावं?
– ग्रंथपाल, लातूर जिल्हा

उत्तर : प्रस्ताव अजून गेला नाही हे चांगलं झालं. दुसऱ्या केबलचा खर्च तूर्त करू नका. त्याने तुमच्या अभ्यासिकेतले व्हिडिओ सुधारणार नाहीत, असं माझं ठाम मत आहे. कारणं जरा सविस्तर लिहिते, कारण हा सल्ला सध्या फार ठिकाणी दिला जातोय, आणि ग्रंथालयाचा निधी एकदा खर्च झाला की पुढची काही वर्षं पुन्हा मागायची सोय राहत नाही.

आधी हवेतला हिशोब करू. एका हॉलमध्ये तीन ॲक्सेस पॉइंट असतील तर ५ गिगाहर्ट्झवर प्रत्येकाला ४० मेगाहर्ट्झ रुंदीचं चॅनेल देणं शहाणपणाचं, गर्दी जास्त असेल तर २०. मुलांच्या फोनना बहुधा दोनच अँटेना असतात. वाय-फाय ६ चा असा फोन ४० मेगाहर्ट्झवर जास्तीत जास्त ५७४ मेगाबिट प्रतिसेकंद दराने बोलू शकतो, वाय-फाय ५ चा ४००. पण हा झाला हवेतला दर. माहितीच्या प्रत्येक तुकड्यामागे, म्हणजे पाकिटामागे, पोच द्यायची, आपली पाळी येईपर्यंत थांबायचं, या सगळ्यात वेळ जातो आणि प्रत्यक्ष हातात त्याच्या साठ-सत्तर टक्केच पडतं. तेही फोन ॲक्सेस पॉइंटच्या खालीच असेल तर. शिवाय एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं असतं, मग ते डाउनलोड असो की अपलोड. म्हणजे ५ गिगाहर्ट्झचा एक रेडिओ भरल्या हॉलमध्ये ३०० ते ३५० मेगाबिट देत असेल तर तो उत्तम चालला आहे असं समजा. २.४ गिगाहर्ट्झवर २० मेगाहर्ट्झची कमाल २८७, आणि आजूबाजूच्या गोंगाटात त्यातले १५० मिळाले तरी खूप.

दोन्ही मिळून झाले साधारण ५००. आता तुमची सध्याची एक केबल बघा. गिगाबिट इथरनेट दोन्ही दिशांना एकाच वेळी १ गिगाबिट नेतं. पाकिटांवरच्या पत्त्यांसारखा वरखर्च वजा जाता फाइल उतरवताना ९४० मेगाबिटच्या आसपास मिळतात. म्हणजे ॲक्सेस पॉइंट घामाघूम झाला तरी ती केबल निम्मी रिकामी राहते. जी केबल भरतच नाही तिच्या शेजारी दुसरी टाकून काय मिळणार?

माझं म्हणणं प्रमाण मानू नका, स्वतः मोजा. तुमचा साधा स्विच काही सांगणार नाही, पण ॲक्सेस पॉइंटच्या सेटिंगच्या पानावर इथरनेट पोर्टमधून किती बाइट माहिती गेली ते दिसतं. दुपारी तीन-चारच्या सुमारास, व्हिडिओ अडखळत असतानाच तो आकडा बघा, एका मिनिटाने पुन्हा बघा. फरकाला ८ ने गुणून ६० ने भागलंत की प्रतिसेकंद बिट मिळाले. संगणक विभागातलं कोणी एसएनएमपीवरून (यंत्रांकडून असे आकडे मागवायची पद्धत) आलेख काढून देणार असेल तर ६४ बिटांचे मोजक वापरायला सांगा. जुना ३२ बिटांचा मोजक भरल्या गिगाबिट पोर्टवर ३४ सेकंदांत पूर्ण फिरून शून्यावर येतो आणि आलेख खोटं बोलतो. आलेख पाच-पाच मिनिटांची सरासरी दाखवत असेल तर त्यात अर्ध्या मिनिटाची कोंडी दिसणार नाही, हेही लक्षात ठेवा.

मग व्हिडिओ अडखळतात कशाने? तुमच्या पत्रात इंटरनेटची लाइन किती मेगाबिटची आहे ते नाही, आणि माझा पहिला संशय तिच्यावरच आहे. भर दुपारी एक लॅपटॉप केबलने थेट स्विचला लावा आणि तोच व्हिडिओ चालवा. तिथेही अडखळला तर वाय-फायचा काही संबंध नाही. केबलवर नीट चालला तर चॅनेल तपासा. तिन्ही ॲक्सेस पॉइंट एकाच चॅनेलवर बसलेले मी कितीतरी ठिकाणी पाहिलेत. पेटीतून काढून लावले आणि तसेच राहिले. मग तिघं मिळून एकाचंच काम करतात. २.४ वर १, ६ आणि ११ असे वाटून द्या, ५ गिगाहर्ट्झवर तिघांना वेगळी चॅनेल द्या, १, २ आणि ५.५ मेगाबिटचे जुने संथ दर बंद करा, आणि रेडिओची शक्ती थोडी कमी करा म्हणजे फोन दूरच्या ॲक्सेस पॉइंटला चिकटून बसणार नाहीत. यात एक रुपयाही खर्च नाही, एक संध्याकाळ मात्र जाते.

आता ‘बांधणं’ म्हणजे काय, तेही समजून घ्या, कारण पुरवठादार पुन्हा येईल. दोन इथरनेट जोडण्यांना मिळून एक समजायचं हे तंत्र जुनं आहे. कल्पना नावाच्या अमेरिकेतल्या कंपनीने १९९० मध्ये पहिला इथरनेट स्विच बाजारात आणला, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अशी जोडणीही तिथेच पहिल्यांदा झाली. तिचे एक संस्थापक विनोद भारद्वाज. कंपनीचं नाव त्यांच्या पत्नीचं. १९९४ मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. पुढे २००० मध्ये आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेने याचं ८०२.३एडी हे प्रमाण ठरवलं, २००८ पासून ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली आहे. दोन्ही टोकं आपसात बोलून ‘या दोन तारा एकाच गटाच्या’ असं ज्या भाषेत ठरवतात तिला एलएसीपी म्हणतात.

पण यातली मुख्य अट माहितीपत्रकात ठळक छापलेली नसते. एका संवादाची, म्हणजे दोन यंत्रांमधल्या एका देवाणघेवाणीची, सगळी पाकिटं एकाच तारेवरून जातात. ती दोन तारांवर आलटून पालटून पाठवली तर पुढची आधी आणि मागची नंतर पोचतात. घेणाऱ्याला वाटतं मधलं हरवलं, तो परत मागतो, आणि वेग वाढण्याऐवजी घसरतो. म्हणून स्विच पाकिटावरचे पत्ते बघतो, त्यावरून एक छोटं गणित करतो आणि त्या संवादाला एक तार नेमून देतो. एसटी स्टँडवर दोन खिडक्या उघडल्या तर रांग लवकर सरकते, पण एका माणसाचं तिकीट काही दोन खिडक्यांवर अर्धं अर्धं निघत नाही. इथेही तसंच: पुष्कळ माणसं असतील तर फायदा, एकट्याला काहीच नाही.

आणि नेमकी इथेच या तंत्राची वाय-फायशी गाठ नीट बसत नाही. एक रेडिओ गिगाबिटच्या पुढे जायचा तर त्याला ८० किंवा १६० मेगाहर्ट्झचं रुंद चॅनेल लागतं. एवढी रुंदी घरात किंवा छोट्या कार्यालयात परवडते, जिथे एक-दोन लॅपटॉप असतात. त्या एकट्या लॅपटॉपला एकत्र बांधलेल्या दोन तारांचा उपयोग नाही. जिथे शंभर माणसं आहेत तिथे उपयोग झाला असता, पण तिथे चॅनेल अरुंद ठेवावी लागतात आणि एक गिगाबिटसुद्धा भरत नाही. या दोहोंच्या मधली जागा फार चिंचोळी आहे. एकाच पेटीत ५ गिगाहर्ट्झचे दोन रेडिओ, दोन्ही ८० मेगाहर्ट्झवर, समोर पुष्कळ नवे लॅपटॉप, आणि ते सगळे इमारतीतल्याच सर्व्हरवरून माहिती ओढतायत, असं असेल तर दोन तारा खरोखर कामाला येतात. संगणक प्रयोगशाळा किंवा ॲनिमेशनचा वर्ग असा असू शकतो, तुमची अभ्यासिका नाही.

पुढे कधी ॲक्सेस पॉइंट बदलायची वेळ आली तर २.५ गिगाबिटचा पोर्ट असलेला घ्या. सप्टेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेलं ८०२.३बीझेड हे प्रमाण मुद्दाम यासाठीच आहे: भिंतीत आधीच असलेल्या कॅट-५ई केबलवर १०० मीटरपर्यंत २.५ गिगाबिट. एकच तार, वाटणीचं गणित नाही, एकट्या लॅपटॉपलाही पूर्ण वेग. मात्र केबल खऱ्या तांब्याची हवी. आपल्याकडे वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनियम अशी केबल सर्रास विकली जाते. ब्लेडने तारेचा टोकाजवळचा भाग खरवडा. आत पांढरट चमक दिसली तर ती केबल बदला. तिच्यावर २.५ गिगाबिट तर सोडाच, पीओईची, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच दिली जाणारी, वीजसुद्धा भरवशाने जात नाही, आणि लांब अंतरावर ती तापते. केबल बदलायचा खर्च मात्र मी आनंदाने करायला सांगेन.

छत उघडणारच असाल तर प्रत्येक ठिकाणी दोन केबल ओढून ठेवा, हे मी प्रत्येक संस्थेला सांगते. मजुरी एकदाच लागते. दुसरी केबल दोन्ही टोकांना सॉकेटात पंच करून, तपासून, चिठ्ठी लावून ठेवायची. पहिली उंदराने कुरतडली तर अभ्यासिका अर्ध्या तासात पुन्हा सुरू होते. म्हणूनच दोन्ही एकाच पाइपातून नेऊ नका.

प्रश्न : मी नेटवर्कची कामं घेतो. एका सभागृहात दोन पोर्टचे ॲक्सेस पॉइंट लावलेत, त्या सगळ्यांना सांभाळणारा कंट्रोलर तळमजल्यावर आहे. स्विचवर एलएसीपी चालू केलं की ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरवरून गायब होतो. एका ठिकाणी कसंबसं जमलं, तर दोन पोर्टपैकी एकावरच सगळी वाहतूक, दुसरा जवळपास कोरडा. काय चुकतंय?
– एक कंत्राटदार, नाशिक

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत, दादा.

गायब होण्याचं कारण क्रमात आहे. ॲक्सेस पॉइंट सुरू होताना त्याला एलएसीपी येत नसतं. ‘माझे दोन पोर्ट एकत्र आहेत’ ही सूचना त्याला कंट्रोलरकडून मिळायची असते. आणि कंट्रोलरपर्यंत पोचायचं तर स्विचने पोर्ट उघडला पाहिजे. स्विच मात्र समोरून एलएसीपीचं पाकीट येईपर्यंत पोर्ट अडवून बसतो. दोघंही एकमेकांची वाट बघतात. आधी एकाच केबलवर ॲक्सेस पॉइंट कंट्रोलरला जोडून घ्या, त्यावर एलएसीपी चालू करून सेटिंग जतन करा, मग स्विचवर गट बनवा, आणि दुसरी केबल सगळ्यात शेवटी लावा. त्याशिवाय समोरून एलएसीपी आलं नाही तर पोर्टने एकट्याने साध्या पोर्टसारखं चालावं, अशी सोय बऱ्याच स्विचवर असते. तिचं नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं. तुमच्या स्विचच्या पुस्तिकेत शोधा आणि ती चालू ठेवा. नाहीतर कोणी ॲक्सेस पॉइंट रीसेट केला की तुम्हाला पुन्हा शिडी घेऊन जावं लागेल. पाकिटांचा वेळही दोन्हीकडे सारखा ठेवा. संथ असेल तर दर ३० सेकंदांनी पाकीट जातं आणि तुटलेली तार लक्षात यायला ९० सेकंद लागतात. जलद असेल तर सेकंदाला एक, आणि ३ सेकंदांत कळतं. सभागृहात जलदच हवं.

दुसरा दोष जास्त विचार करण्यासारखा आहे. कुठली तार द्यायची हे पाठवणारा ठरवतो. ॲक्सेस पॉइंटकडून वर जाणाऱ्या वाहतुकीचं गणित ॲक्सेस पॉइंट करतो, खाली येणाऱ्याचं स्विच करतो, आणि दोघांची पद्धत सारखीच असायला हवी असं नाही. सभागृहात जवळपास सगळी वाहतूक खाली येणारी, म्हणून बघायचं स्विचकडे. काही जुन्या मॅनेज्ड स्विचवर मूळ सेटिंग फक्त पाठवणाऱ्याच्या मॅक पत्त्यावर (यंत्राच्या स्वतःच्या पत्त्यावर) चालतं. इंटरनेटवरून येणारं प्रत्येक पाकीट तुमच्या स्विचच्या दृष्टीने एकाच राउटरकडून आलेलं असतं. पाठवणारा एक, पत्ता एक, उत्तर एक, म्हणून तारही एकच. पाचशे माणसं बसली तरी दुसरी तार कोरडी राहणार. सेटिंग बदलून पाठवणारा आणि घेणारा दोघांचे आयपी पत्ते घ्या, आणि स्विच तयार असेल तर पोर्ट क्रमांकही (स्विचवरच्या पोर्टचे नव्हे, पाकिटावर लिहिलेले) घ्या. लिनक्सवर चालणाऱ्या पेट्यांमध्ये, मायक्रोटिक कंपनीच्या पेट्यांमध्येसुद्धा, ‘लेयर ३+४’ अशी जी निवड दिसते ती हीच.

एवढं करूनही फरक पडला नाही तर कंट्रोलरकडे बघा, आणि मला वाटतं तुमची खरी गाठ तिथेच आहे. कंट्रोलर तळमजल्यावर आहे म्हणता, म्हणजे सगळ्या माणसांची वाहतूक बहुधा आधी त्याच्याकडे जाते आणि मग बाहेर. कॅपवॅप या ॲक्सेस पॉइंट आणि कंट्रोलर यांच्या बोलण्याच्या पद्धतीत ॲक्सेस पॉइंट प्रत्येकाची पाकिटं एका मोठ्या लखोट्यात घालतो. लखोट्यावर पत्ते दोनच, ॲक्सेस पॉइंटचा आणि कंट्रोलरचा; माहितीसाठी कंट्रोलरचा यूडीपी पोर्टही ठरलेला, ५२४७. आत पाचशे वेगळी माणसं असली तरी स्विचला बाहेरून तो एकच संवाद दिसतो, आणि एका संवादाला एक तार. यावर उपाय म्हणून काही कंपन्यांनी एका ॲक्सेस पॉइंटमधून दोन लखोटे काढायची सोय केली, एका रेडिओचा एकातून आणि दुसऱ्याचा दुसऱ्यातून. तुमच्या मॉडेलमध्ये ती आहे का ते बघा. नसेल तर त्या सभागृहापुरती वाहतूक कंट्रोलरकडे न नेता ॲक्सेस पॉइंटपाशीच स्विचवर सोडा. त्यासाठी लागणारे व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगळी केलेली नेटवर्क) त्या स्विचवर आणि जोडलेल्या गटावर न्यावे लागतील, पण तारांची वाटणी लगेच सुधारेल.

तपासताना एका लॅपटॉपवरून तपासू नका. आयपर्फ३ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रॅमने एका लॅपटॉपवरून ९४० मेगाबिट आले म्हणजे सगळं ठीक चाललंय, एवढाच त्याचा अर्थ. तीन-चार लॅपटॉप एकदम लावा आणि स्विचवर दोन्ही पोर्टचे आकडे शेजारी शेजारी वाचा. आणि ग्राहकाला बिल देण्याआधी स्विचची वर जाणारी तार बघा. ॲक्सेस पॉइंटपासून स्विचपर्यंत दोन तारा आणि स्विचपासून पुढे एकच गिगाबिट, अशी कामं मी पाहिली आहेत. त्या ग्राहकाने पैसे देऊन काही घेतलंच नाही.

आणखी एक विजेबद्दल. बरेच मोठे ॲक्सेस पॉइंट १५.४ वॉटच्या जुन्या पीओई पोर्टवर सुरू होतात, पण पोट भरत नाही म्हणून दुसरा इथरनेट पोर्ट किंवा रेडिओच्या काही साखळ्या (अँटेनांमागचे भाग) स्वतःच बंद करतात. दुसऱ्या पोर्टचा दिवाच लागत नसेल तर केबल बदलत बसण्याआधी हे तपासा. ३० वॉटचा पोर्ट द्या.

प्रश्न : माझा छोटा व्हिडिओ स्टुडिओ आहे. नॅसचे (नेटवर्कवर फाइल साठवायच्या पेटीचे) दोन गिगाबिट पोर्ट स्विचला एलएसीपीने जोडलेत. ॲक्सेस पॉइंट वाय-फाय ६ चा, १६० मेगाहर्ट्झवर. लॅपटॉप २४०२ मेगाबिटने जोडल्याचं दाखवतो. तरी फाइल कॉपी करताना वेग ११२ मेगाबाइटच्या वर जात नाही. स्विच गिगाबिटचा आहे.
– संकलक, पुणे

उत्तर : ११२ ला ८ ने गुणा, ८९६ मेगाबिट येतात. ही एका गिगाबिट तारेची मर्यादा आहे आणि तुम्ही तिला टेकला आहात. तुमचा लॅपटॉप एक, नॅस एक, संवाद एक. नॅसच्या दोन पोर्टपैकी एकच वापरला जातो. शिवाय ॲक्सेस पॉइंट ज्या पोर्टला लावलाय तोही गिगाबिटचाच आहे. दुसरा संकलक आला तर दोघांना वेगवेगळी तार मिळेलच असंही नाही. दोन तारा आणि दोन संवाद असतील तर दोघं एकाच तारेवर पडण्याची शक्यता निम्मी असते. तसं झालं तर दोघांना ५५-५५ मेगाबाइट मिळतील आणि दुसरी तार मोकळी राहील.

कोणी ‘राउंड रॉबिन’ पद्धत लावायला सांगेल, ती पाकिटं खरोखर आळीपाळीने दोन तारांवर टाकते. कामाच्या जागी ती लावू नका. वर ग्रंथपालांना लिहिलेला पाकिटांच्या उलटसुलट क्रमाचा त्रास नेमका त्यातूनच होतो.

तुम्हाला हवा आहे २.५ गिगाबिटचा स्विच, आणि नॅसला २.५ गिगाबिटचं कार्ड. जागा नसेल तर यूएसबीचं चालतं का ते नॅसच्या पुस्तिकेत बघा. ॲक्सेस पॉइंटचा पोर्टही २.५ गिगाबिटचा असेल तर मग तारेवर २९० मेगाबाइटपर्यंत वाट मोकळी होते. एका हार्ड डिस्कचा सलग वाचण्याचा वेग २०० च्या आसपास असतो, म्हणजे पुढची अडचण डिस्कची असेल, तारेची नाही.

१६० मेगाहर्ट्झबद्दल मात्र सावध राहा. ५ गिगाहर्ट्झमध्ये एवढी रुंद चॅनेल दोनच बसतात, ३६ ते ६४ आणि १०० ते १२८. तुमच्या इमारतीत शेजाऱ्यांनीही हेच केलं तर संध्याकाळी वेग कोसळेल. ज्या टेबलावर तुम्ही रोज संकलन करता तिथे एक केबल घ्या, मोठं काम त्यावर करा. वाय-फाय ग्राहकाला रफ कट दाखवायला ठेवा.

प्रश्न : शाळेतल्या ॲक्सेस पॉइंटला दोन पोर्ट दिसले म्हणून वेग वाढेल या आशेने मी दोन्हींना केबल लावून स्विचला जोडल्या. पाच मिनिटांत कार्यालयातला संगणक, प्रिंटर, सगळंच बंद पडलं. काही जळलं असेल का?
– शिक्षिका, सिंधुदुर्ग

उत्तर : काही जळलेलं नाही, बाई. दुसरी केबल काढा आणि स्विच एकदा बंद करून चालू करा, सगळं परत येईल.

साध्या स्विचला दोन तारांचा गट कळत नाही. ॲक्सेस पॉइंटच्या आत दोन्ही पोर्ट एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे स्विचमधून निघालेलं सर्वांसाठीचं पाकीट दुसऱ्या तारेने परत स्विचमध्ये आलं, पुन्हा बाहेर गेलं, पुन्हा आलं. इथरनेटच्या पाकिटाला आयुष्याची मर्यादा नसते. काही क्षणांत अशा पाकिटांनी सगळ्या तारा भरल्या आणि प्रिंटरला त्याचं काम ऐकूच येईना. मॅनेज्ड स्विचवर स्पॅनिंग ट्री चालू असेल तर असं वर्तुळ तो ओळखतो आणि एक तार बंद ठेवतो. साध्या स्विचला ते जमत नाही.

बऱ्याच ॲक्सेस पॉइंटवरचा दुसरा पोर्ट वेग वाढवायला दिलेलाच नसतो. तो पुढे टेलिफोन किंवा कॅमेरा जोडायला असतो. माहितीपत्रकात ‘लिंक ॲग्रिगेशन’ किंवा ‘एलएसीपी’ हे शब्द असतील तरच तो गटात घेता येतो. तुमच्या शाळेला एक केबल पुरेशी आहे. त्या पोर्टवर कागदी पट्टी चिकटवून टाका, म्हणजे सुट्टीनंतर दुसरं कोणी प्रयत्न करणार नाही.

प्रश्न : मुख्य इमारतीपासून वसतिगृह ८० मीटरवर आहे. वसतिगृहातल्या सगळ्या ॲक्सेस पॉइंटची वाहतूक एका कॅट-६ केबलने येते आणि रात्री ती खरंच भरते. आम्ही मोजलं आहे. शेजारून दुसरी कॅट-६ टाकून एलएसीपी करावं का? दोन्हीकडे मॅनेज्ड स्विच आहेत.
– वसतिगृह अधीक्षक, यवतमाळ

उत्तर : या सगळ्या पत्रांत पुष्कळ जणांच्या वापराने तार खरोखर भरलेली तुमचीच आहे, आणि मोजून विचारलंत याचा मला मनापासून आनंद झाला. दोन्ही टोकांना स्विच, मध्ये शेकडो मुलांचे वेगवेगळे संवाद. एलएसीपी अशाच जागेसाठी आहे. पत्त्यांचं गणित आयपीवर ठेवलंत तर दोन तारा बऱ्यापैकी सारख्या भरतील.

पण तांब्याची केबल टाकू नका. दुसरी तर नाहीच, आणि पहिलीही शक्य तितक्या लवकर काढा. दोन इमारतींचं अर्थिंग वेगळं असतं. जवळपास वीज पडली की दोन्हींच्या जमिनीच्या पातळीत क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो प्रवाह नेटवर्कच्या केबलमधून वाट काढतो. तुमच्या भागात पावसाळ्याच्या तोंडावर विजा किती पडतात ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. स्विच जळणं ही त्यातली लहान हानी. टोकाला पीओईच्या पेटीवर एखाद्या मुलाचा हात असू शकतो.

फायबर टाका. काचेतून वीज जात नाही. सिंगल मोड केबल घ्या, दोन्ही स्विचना एसएफपीची (फायबरचं मॉड्यूल बसवायची) जागा असेल तर गिगाबिटच्या दोन जोड्या लावून त्यांच्यावर तसंच एलएसीपी करता येतं. स्विचना एसएफपी प्लसची जागा असेल तर एका जोडीवर १० गिगाबिट मिळतील आणि गटाची गरजच उरणार नाही. दोन्ही प्रकारचे सिंगल मोड मॉड्यूल १० किलोमीटरपर्यंत चालणारे सहज मिळतात, तुमचे ८० मीटर त्यांना काहीच नाहीत. उंदरांसाठी लोखंडी कवचाची केबल घेतलीत तर ते कवच रॅकपर्यंत नेऊ नका. इमारतीत शिरतानाच कापून तिथे अर्थ करा, नाहीतर तांब्याचा धोका लोखंडातून आत येईल.

चर खणायला खर्च जास्त, काचेच्या दोन धाग्यांना कमी. म्हणून सहा किंवा बारा कोरची (धाग्यांची) केबल टाका, चार कोर आत्ता जोडा आणि बाकीचेही दोन्ही टोकांना स्प्लाइस करून, तपासून, क्रमांक घालून पेटीत ठेवून द्या. आणि रात्री पुन्हा एकदा मोजा. ही तार मोकळी झाली की कोंडी इंटरनेटच्या लाइनकडे सरकेल. मग पुढचा अर्ज त्या लाइनसाठी करायचा का, ते तुमच्याच आकड्यांवरून कळेल.